उजव्या दाराची वायर

गाडीत गाणी ऐकायला किती पैसे घालवावेत याबद्दल अनिरुद्ध शेजवळची मतं ठाम होती आणि ती त्याच्या धंद्याला मारक होती. घाटकोपर पश्चिमेला मोठ्या रस्त्याच्या कडेला त्याचा दहा बाय आठचा गाळा. आजूबाजूच्या गाळ्यांत गिऱ्हाईक शिरलं की आधी डिकीभर वूफर, मग त्याच्यासाठी ॲम्प्लिफायर, मग ॲम्प्लिफायरसाठी जाड वायर, असं एकेक करत सगळं त्याच्या गळ्यात मारलं जाई. अनिरुद्ध मात्र माणसाला स्टुलावर बसवून आधी बजेट विचारायचा आणि ते ऐकून त्यातही काटछाट सुचवायचा. पुढचे दोन स्पीकर बदला, तेवढं पुरे. मागचे राहू देत, मागे बसणारे मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. वूफर घ्याल तर गावाला जाताना बॅगा कुठे ठेवणार? दाराच्या पत्र्याला आतून डांबराची पट्टी चिकटवून देतो, गळक्या छपराला लावतात तीच. पत्रा थरथरायचा थांबला की अर्धं काम झालं. शेजारी सीट कव्हरचं दुकान चालवणारा नंदू म्हणायचा, अन्याचं दुकान म्हणजे धर्मादाय दवाखाना आहे, लोक तपासून घेतात आणि औषध न घेता घरी जातात.

पण माणसं त्याच्याकडेच यायची. ठाण्याहून, मालाडहून, कोणी कोणाचं नाव सांगून. अनिरुद्ध फसवत नाही, अशी त्याची ख्याती होती. त्याला स्वतःलाही ती फार आवडायची, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

हे सगळं त्याच्याकडे वडिलांकडून आलं होतं. राजाराम शेजवळ मनमाडकडून मुंबईत आले, महापालिकेत चिकटले आणि नोकरीतून उरलेल्या वेळात लाउडस्पीकर भाड्याने देऊ लागले. वसाहतीतली लग्नं, बारशी, एप्रिलमधली जयंती, वर्षावासातली प्रवचनं, सगळीकडे राजारामांचं मशीन. त्यांच्याकडे ना मीटर होता ना कसलं शिक्षण. शर्टाच्या डाव्या खिशात एक पेन्सिल सेल मात्र कायम असायचा. वायर जोडून झाली की तिच्या दोन टोकांना तो सेल क्षणभर टेकवायचा आणि स्पीकरच्या पडद्याकडे बघायचं. पडदा पुढे आला तर वायर बरोबर, आत गेला तर उलटी. दोनांतला एक स्पीकर उलटा लागला तरी वाजतात दोन्ही, चांगले जोरात वाजतात. पण एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ती ओढतो आणि आवाज मधल्यामध्ये मरतो. ढोलकीतला दम जातो, आणि गाणाऱ्याचा गळा समोरून यायच्या ऐवजी कुठून तरी कडेकडेने यायला लागतो. राजारामांनी याला नाव ठेवलं होतं: बॉक्स रुसला. रुसलेला बॉक्स गाणाऱ्याची इज्जत घालवतो, असं ते म्हणायचे. मशीन नवं असो की जुनं, आपण शहाणे असो की दीडशहाणे, सेल लावून बघायचा.

राजाराम गेले त्याला सहा वर्षं झाली. सेल आता अनिरुद्धच्या डाव्या खिशात असतो.

दाबके काका पहिल्यांदा आले ते जानेवारीत. विद्याधर दाबके, बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, राहायला मुलुंड पूर्वेला. त्यांची बायको, कुंदाकाकू, गातात, त्यांना गाण्याच्या बैठकींना न्यायला-आणायला म्हणून काकांनी एक जुनी वॅगन आर घेतली होती. गाडी ठीक होती, पण तिच्यातलं गाणं त्यांना सहन होत नव्हतं. आवाज कमी आहे, बेस कमी आहे, अशा तक्रारी अनिरुद्ध रोज ऐकायचा. काका काही वेगळंच बोलले. "आवाज समोर बसत नाही हो," ते म्हणाले आणि दोन्ही तळहात समोर धरून दाखवू लागले. गाणारी बाई इथे मध्ये बसलेली दिसायला हवी. ही अर्धी या दारात, अर्धी त्या दारात बसल्यासारखी वाटते.

अनिरुद्धला माणूस आवडला. बोलता बोलता कळलं की काका तंबोरे लावतात. नुसते सुरात लावत नाहीत, त्यांची जवारी काढतात. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिथे तारेखाली सुताचा दोरा असतो. तो केसभर पुढे, केसभर मागे सरकवत राहायचं, आणि एका नेमक्या जागी तार अशी काही फुलते की खोली भरून जाते. ती जागा डोळ्यांना दिसत नाही, ती कानांनीच सापडते. ठाण्यापासून चेंबूरपर्यंतची गाणारी मंडळी आपापले तंबोरे घेऊन मुलुंडला यायची आणि काका त्याचे पैसे तर घेत नसतच, वर चहासुद्धा आपल्याच घरचा पाजायचे. "तुम्ही स्पीकर लावता, मी तंबोरे लावतो," ते म्हणाले. "आपण एकाच धंद्यातले." अनिरुद्धने ही गोष्ट त्या दिवशी घरी बायकोला, शीतलला, दोनदा सांगितली.

काकांचं बजेट बेताचं होतं. अनिरुद्धने नेहमीप्रमाणे पुढच्या दारांतले दोनच स्पीकर बदलायचे ठरवले, दोन्ही दारांना आतून डांबरपट्टी लावली, गाणी वाजवणारा टेप होता तोच ठेवला. आणि सेल लावला नाही. त्याला कारण होतं, आणि ते कारणही चांगलंच होतं, म्हणून तर पुढे ते आठवून त्याला जास्त त्रास व्हायचा. सेल लावायचा तर डॅशबोर्डमधून टेप बाहेर काढावा लागतो. काकांच्या टेपच्या चौकटीची एक क्लिप आधीच तडकलेली होती. काढताना तुटली असती तर नवी चौकट आली असती, काकांचा खर्च वाढला असता. आणि या गाड्यांच्या वायरींचे रंग अनिरुद्धला पाठ होते, झोपेत विचारले असते तरी सांगितले असते. त्याने रंग बघून वायरी जोडल्या आणि दारं बंद केली.

त्याला जे माहीत नव्हतं ते उजव्या दाराच्या पोटात होतं. आधीच्या मालकाच्या हातून त्या दाराला कधीतरी मार बसला होता. कुठल्याशा डेंटरने पत्रा ठोकून, रंग मारून, तुटलेल्या दोन वायरी जोडून त्यावर काळी टेप गुंडाळली होती आणि तो जोड काच वर-खाली करणाऱ्या यंत्राच्या मागे सारला होता. जोडताना या रंगाची वायर त्या रंगाला लागली होती. म्हणजे काका आले होते तेव्हाच उजवा बॉक्स रुसलेला होता. अनिरुद्धने त्या रुसलेल्या जागी नवा, महाग स्पीकर नेऊन बसवला.

आठवड्याने काका परत आले. आवाज स्वच्छ झालाय, म्हणाले, शब्द कळतात, पण बाई अजून समोर बसत नाही. अनिरुद्धने बटणं फिरवून थोडा बेस वाढवून दिला आणि समजावलं की गाडीत आपण एका बाजूला बसतो, घरच्यासारखं बरोबर मध्ये कसं ऐकू येईल? काकांना ते पटलं नाही, पण ते गेले.

तिसऱ्यांदा ते फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आले. शनिवार म्हणजे गाळ्यासमोर चार गाड्या, मागे हॉर्न, ट्रॅफिकवाल्याची गाडी उचलायची धमकी आणि एका जिम करणाऱ्या तरुणाचा एवढा मोठा वूफर अर्धवट उघडा पडलेला. काकांनी घरी बसून बराच विचार केलेला दिसत होता. ते म्हणाले, मी एक करून पाहिलं. एकाच बाजूचा स्पीकर चालू ठेवला तर आवाज भरीव येतो आणि दोन्ही लावले की पोकळ होतो, हे कसं? राजाराम असते तर एवढं ऐकून त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं असतं. बॉक्स रुसलाय, हेच काका आपल्या भाषेत सांगत होते. याहून सोपं करून कोणी सांगूच शकलं नसतं. अनिरुद्धने ते ऐकलं नाही. तो वायर सोलत होता. मान वर न करता तो म्हणाला, "काका, स्पीकर नवीन आहेत, सगळं ओके आहे. आता वयाने कान थोडे जातातच ना."

नंदू हसला. तो वूफरवाला तरुणही हसला, वाईट नाही, आपलं असंच. काकांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. मग "असेल रे बाबा, तुला जास्त कळतं," असं म्हणून गाडीत बसले आणि निघून गेले. त्यात टोमणा नव्हता. दहा मिनिटांत अनिरुद्ध हे सगळं विसरलाही.

दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरमध्ये काका पुन्हा आले तेव्हा अनिरुद्धला खरंच आनंद झाला. उजव्या दाराची काच अर्ध्यात अडकली होती. असली बारीकसारीक कामंही तो करायचा. त्याने चहा मागवला, काकांना स्टुलावर बसवलं आणि दाराच्या आतल्या पॅनेलचे स्क्रू काढायला घेतले. काय म्हणतात तंबोरे, असं त्याने सहज विचारलं.

"सोडले रे," काका म्हणाले. "तू तेव्हा बोललास ते बरंच केलंस. घरचे कोणी तोंडावर सांगत नाहीत. मी आपला लोकांचे तंबोरे बिघडवत बसलो असतो."

पुढचं त्यांनी गार झालेल्या चहाबरोबर, कोणा तिसऱ्याच माणसाबद्दल बोलावं तसं सांगितलं. मार्चमध्ये ते कानांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी कानाला यंत्र लावून तपासलं, एक आलेख हातात दिला. या वयात एवढं सगळ्यांचंच असतं, काळजी करू नका, म्हणाले. पण आलेखाची रेघ शेवटी खाली गेलेली होती. काकांनी ती रेघ बघितली आणि तंबोरे घेऊन येणाऱ्यांना दुसऱ्या माणसांचे पत्ते द्यायला सुरुवात केली. एका बाईंचा तंबोरा त्यांनी जवारी काढून तयार ठेवला होता. तोही पैसे भरून दुसऱ्याकडून पुन्हा करून घ्या, म्हणून सांगितलं. कुंदाकाकू आता मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर गातात. हे सांगताना काका हसले आणि कपातला उरलेला चहा कडेच्या गटारात ओतला.

अनिरुद्धने पॅनेल ओढून बाहेर काढलं, काचेचं यंत्र सैल करून बाजूला केलं, आणि त्याला काळी टेप दिसली.

दुसऱ्याच्या हातची टेप लगेच ओळखू येते. त्याने ती नखाने उकलली. आत वायरींचे रंग उलटसुलट. तरी त्याने स्वतःला पाच मिनिटं दिली; त्याला वाटलं, पुढे कुठेतरी डेंटरने पुन्हा उलटं करून हिशेब जुळवला असेल. त्याने डॅशबोर्डमधून टेप ओढला. तडकलेली क्लिप तुटली, दहा महिन्यांपूर्वी जी त्याने एवढी जपली होती तीच. काय झालं, म्हणून काकांनी विचारलं. काही नाही काका, वायर चेक करतोय, असं तो म्हणाला आणि खिशातला सेल काढला. डाव्या दाराच्या वायरींना टेकवला, पडदा पुढे आला. उजव्या दाराच्या वायरींना टेकवला, पडदा आत गेला. त्याने पुन्हा टेकवला. पुन्हा आत गेला.

त्या वेळी काकांना सांगायचं होतं. काका चार हातांवर बसले होते, रस्त्यावरची वाहनं बघत.  फसवत नाही तो अनिरुद्ध, ज्याचं नाव सांगून माणसं येतात तो, आता या माणसाला काय सांगणार, की तुमचे कान ठणठणीत होते आणि मी ते भर रस्त्यात हसत हसत काढून घेतले? त्याने सोल्डरिंग आयर्न तापवलं, वायरी सुलट्या केल्या, नवी टेप गुंडाळली. काच दुरुस्त केली. तेवढ्यात काका समोर केळी घ्यायला गेले. अनिरुद्ध गाडीत बसला आणि आपल्या मोबाइलवरचं एक गाणं लावलं. बाई समोर बसली होती. बरोबर मध्ये, काचेपलीकडे, बॉनेटवर मांडी घालून. काका परत येताना दिसले तसं त्याने घाईघाईने गाणं बंद केलं. आपण का बंद केलं हे त्याला पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं. त्याला भीती वाटली होती की काकांना ऐकू येईल.

वायर सुलटी झाली, आता काका गाडीत गाणं लावतील, त्यांना फरक कळेल, ते आपोआप तंबोऱ्याकडे वळतील. अनिरुद्धने मनाशी असं सोयीचं गणित मांडलं. पण ते गणित त्याला झोपू देईना आणि जेवू देईना. तो प्रत्येक गाडीला सेल लावू लागला. ज्या गाडीचा फक्त आरसा बसवायचा होता तिलाही. नंदूने विचारलं, काय रे, कोणी भानामती केली का तुझ्यावर? आधी तो असल्या चेष्टेला चार शब्द परत द्यायचा. आता नंदूचा आवाज ऐकला की त्याला फेब्रुवारीतलं ते हसू आठवायचं, आणि त्यात नंदूचा काही दोष नव्हता. नंदू हसला होता कारण हसण्यासारखं वाक्य अनिरुद्धने त्याच्या हातात दिलं होतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी जेवताना त्याने शीतलला सांगितलं. शीतल एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती, रोज शेकडो माणसांचं रक्त तपासायची. तिने सगळं ऐकून घेतलं.

"वायर बदललीस, पण त्यांना बोललास का?" तिने विचारलं.

गाणं लावलं की कळेलच त्यांना, असं तो म्हणाला.

"आमच्याकडे चुकीचा रिपोर्ट गेला तर आम्ही पेशंटला फोन करून सांगतो, अनि. फाइलमध्ये गुपचूप बरोबरवाला टाकून ठेवत नाही. पेशंट चुकीच्याच गोळ्या खात बसेल ना."

त्याने तिथूनच, हात धुवून, काकांना फोन लावला. काच नीट चालतेय ना, असं विचारलं. एकदम छान, काका म्हणाले. आणि सिस्टिम? "ती मी लावतच नाही रे," काका म्हणाले. "फेब्रुवारीपासून बंद आहे. धड ऐकू येत नाही तर उगाच कशाला." आणि मग तुझ्या आईची तब्येत कशी आहे, म्हणून आपुलकीने विचारलं.

तरी तो लगेच गेला नाही. आणखी एक आठवडा त्याने असाच काढला. लग्नसराईचं काम आहे, मुलुंड लांब आहे, काका दुपारी झोपत असतील. मुलुंड घाटकोपरपासून किती लांब आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. शेवटी पुढच्या रविवारी सकाळी, शीतलने काही न बोलता त्याचा धुतलेला शर्ट खुर्चीवर आणून ठेवला, आणि त्यातच डाव्या खिशात सेल घातला.

काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार कुंदाकाकूंनी उघडलं. आत मोबाइलमधून तंबोऱ्याचा आवाज येत होता, सतत, एकसारखा, फ्रिज चालू असावा तसा. काकूंनी तो बंद केला. कोपऱ्यात खरा तंबोरा गवसणी घालून भिंतीला टेकवलेला होता आणि त्याच्या खांद्यावर कोणाची तरी छत्री अडकवली होती. काकांनी छान स्वागत केलं, पोहे खाणार का विचारलं. अनिरुद्ध बसला नाही. बसलो तर पोहे येतील आणि पोहे आले की बोलणं राहून जाईल, हे त्याला कळत होतं.

"काका, तुमचे कान बरोबर होते," तो म्हणाला. "उजव्या दाराची वायर उलटी होती. मी बघितली नाही आणि तुमच्यावर ढकललं."

मग सगळंच बाहेर आलं. डेंटर, क्लिप, पाठ असलेले रंग, सेल.  काकू उभ्याच होत्या. त्यांना वायरींतलं काही समजत नव्हतं, पण एवढं समजलं की हा माणूस आपल्या घरातून काय घेऊन गेला होता. नऊ महिने हे भिंतीकडे बघत बसायचे, त्या म्हणाल्या, मी सूर जरा वर लावला तरी हे माझ्याकडे बघायचे नाहीत, आपल्याला कळत नाही म्हणून.  काकांनी हाताने त्यांना थांबवलं.

"कळलं कधी तुला?"

"काच लावली त्या दिवशी."

"म्हणजे सतरा दिवस झाले."

 अनिरुद्धने स्वतः दिवस मोजलेले नव्हते.

"वायरीचं सोड," काका म्हणाले. "वायर कोणाचीही चुकते. त्या शनिवारी मी तुला सांगत होतो तेव्हा तू गाडीत बसून एकदा तरी ऐकलंस का?"

"नाही, काका."

"मग कानांचं कशावरून म्हणालास?"

या प्रश्नाचं उत्तर होतं, आणि ते इतकं लहान होतं की अनिरुद्धला ते बोलताना रडू येईल असं वाटलं. "गर्दी होती," तो म्हणाला.

 काकांनी शिवी दिली असती, दार दाखवलं असतं तर अनिरुद्धला सुटल्यासारखं झालं असतं. खाली चला, गाडीत ऐकून बघा, बाई समोर बसते, असं तो म्हणाला. काकांनी मान हलवली. गाडी राहू दे, म्हणाले. ते उठले आणि छत्री काढून काकूंच्या हातात दिली. गवसणीची नाडी सोडताना त्यांना गाठ सापडेना, ती काकूंनी सोडली.

तंबोरा उतरला होता. चारी तारा ढिल्या पडल्या होत्या. काका सतरंजीवर बसले आणि खुंट्या पिळायला लागले, पंचम, मग जोड, मग खर्ज. हात सावकाश चालत होते, पण विसरलेले नव्हते. काकू भिंतीला टेकून बसल्या. अनिरुद्ध दाराजवळच उभा होता, त्याला जा असं कोणी सांगितलं नव्हतं आणि बस असंही नाही. काकांनी तारेखालचा दोरा चिमटीत धरला, केसभर सरकवला, तार छेडली, पुन्हा सरकवला. एका जागी तार अचानक फुलली. आवाज भोपळ्यातून उठून खोलीत पसरला, अनिरुद्धला तो छातीत जाणवला. त्याला वाटलं, आता काका हसतील.

काका हसले नाहीत. त्यांची बोटं दोऱ्यावरच थांबली. त्यांनी तार पुन्हा छेडली, ऐकली, आणि मग मान वर करून अनिरुद्धकडे बघितलं. काकूंकडे नाही, त्याच्याकडे.

"लागला का रे?" त्यांनी विचारलं.

काकूंनी तोंडावर पदर धरला. चाळीस वर्षांत या माणसाने तंबोरा लावताना हा प्रश्न कोणाला विचारला नव्हता. लोकच त्यांना विचारायचे.

अनिरुद्धच्या जिभेवर हो आलं होतं. हो म्हणणं किती सोपं होतं, आणि तो आवाज तर खरंच सुंदर होता. पण त्याने ते गिळलं. दारापासून तो पुढे आला आणि सतरंजीच्या कडेला, काकांच्या समोर, जमिनीवर बसला.

"मला यातलं काही कळत नाही, काका," तो म्हणाला. "तुम्हीच ऐका."

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी एवढंच म्हणायचं होतं.  काकांनी डोळे मिटले, कान तंबोऱ्याच्या दांडीला लावला आणि पहिल्या तारेपासून पुन्हा सुरुवात केली.